सासऱ्याच्या नावाचा डोंगर

माझी थोरली जाऊ मानेओ लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा डोंगराचं नाव तिला लहानपणापासून पाठ होतं. पण ते नाव इथं चालेना. ती डोंगरापलीकडची, हा-रापोकी गावची. तिकडं समुद्रावरून येणारा ओला वारा कड्यावर आपटतो आणि उन्हाळाभर (आमच्याकडं पाऊस उन्हाळ्यातच) दुपार झाली की शिखरावर ढग जन्माला येतात. म्हणून ते लोक त्याला म्हणतात मामारू, ढगांची आई.

आमचं हा-सेखोबे मावळतीच्या अंगाला. इथवर येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. आमच्या वाट्याला येते ती थंडी. दक्षिणेकडच्या सावलीतल्या उतारावर एकदा बर्फ बसलं की पेरण्या आटोपल्या तरी हटायचं नाव घेत नाही. म्हणून आमच्या गावासाठी तो रासेरामे. हाडं गोठवणाऱ्या थंडीचा बाप.

आता अडचण अशी, की आमच्या सासऱ्यांचंच नाव सेरामे, म्हणजे तीच गोठवणारी थंडी. मडक्यातलं पाणी गोठून मडकं फुटलं, त्या पहाटे ते जन्मले, म्हणून आईनं तेच नाव ठेवलं. आणि आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावासारखा शब्दसुद्धा जिभेवर येऊ देत नाही. त्यामुळं मी आणि मानेओ थंडीला ‘चावरी’ म्हणायचो आणि डोंगराला ‘वरचा’. "आज चावरी फार आहे गं, वरचा पांढरा झालाय," असं आमचं बोलणं. शेजारणी हसायच्या. हसू देत. मान ठेवायचा तर थोडं हसू करून घ्यावंच लागतं.

त्या वर्षी राजधानीतून पुसेलेत्सो नावाच्या एक बाई आल्या. शिखरावर हवामानाचं यंत्र बसवायचं होतं. पाऊस किती, थंडी किती, ते आपोआप खाली कळणार आणि रेडिओवरून रोज सकाळी सगळ्या देशाला सांगितलं जाणार. आमच्या गावात बातमी वणव्यासारखी पसरली. आमच्या डोंगराचं नाव रेडिओवर! म्हातारी माणसं तर अंगावर पांघरलेली ब्लँकेटं झटकून अशी चालायला लागली, जणू शिखर त्यांनीच रचलंय.

पण बाई आधी हा-रापोकीला जाऊन आल्या होत्या.

"तिकडं मला वेगळंच नाव सांगितलं," त्या म्हणाल्या. "यादीत एका शिखराला एकच नाव बसतं. तुमचं ठरत नसेल तर मी आपला आकडा घालते."

"आकडा?" आमचे सासरे ताडकन उठले. "डोंगर काय तुरुंगात आहे?"

खिंडीत दोन्ही गावांची सभा बसली. पुरुष तट्टांवरून आले, आम्ही बायका चालत. पलीकडून बोलायला उठला त्सेको, मानेओचा सख्खा भाऊ. त्याच्या जिभेला हाड कधीच नव्हतं.

"नाव मामारूच," तो म्हणाला. "ढग नसते तर तुम्ही काय पिणार होता, न्ताते? थंडी?"

न्ताते म्हणजे आमच्याकडं बाप, आणि वडीलधाऱ्या कुणाही पुरुषाला मानानं हाक मारायची तीसुद्धा न्ताते अशीच.

"आणि थंडी नसती तर तुमच्या मेंढ्यांना लोकर फुटली असती होय?" सासरे कडाडले. "उघडी मेंढरं हाकत बसला असतास!"

हा-रापोकीची एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "आमची ती आई, तुमचा तो बाप. दोघं युगानुयुगं एका अंथरुणात सुखानं निजलीत, आणि भांडताय तुम्ही पोरं!"

दोन्हीकडचे हसले. वेळ निभावली असती. पण सासऱ्यांना जिंकायचं होतं. त्यांनी मानेओकडं बोट केलं.

"ही माझी सून. जन्मली तुमच्यात, नांदतेय आमच्यात. दोन्ही बाजू हिनं पाहिल्यात. मानेओ, सांग सगळ्यांना, कोणता डोंगर आहे हा?"

मी डोळे मिटून घेतले. रागाच्या भरात ते स्वतःचंच नाव विसरले होते.

मानेओ खाली बघत म्हणाली, "वरचा."

त्सेकोला आयतंच सापडलं. "ऐका हो! ज्या नावाला घरची सूनसुद्धा तोंड लावत नाही, ते म्हणे रेडिओवर सांगायचं!"

पलीकडची अख्खी बाजू खदखदली. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. घरी येईपर्यंत ते तट्टावर बसले नाहीत, लगाम धरून चालत राहिले. अंगणात आल्यावर मानेओला म्हणाले, "चुकलं माझं. तुझं तोंड मीच बांधलं आणि मीच तुला बोल म्हणालो."

"तोंड कुणी बांधलेलं नाही, न्ताते," मानेओ म्हणाली. "मान ठेवलाय. मनात आलं असतं तर तिथंही बोलले असते."

ते तट्टू बांधून आत गेले.

नावाचा घोळ मिटला नाही, पण यंत्र चढवणं भाग होतं. दोन्ही गावांनी ओझं निम्मं निम्मं वाटून घेतलं. मदत म्हणून नव्हे, ईर्ष्येनं. वरच्या कुरणापर्यंत दोन्ही गावांची तट्टं गेली, पुढं नुसते धोंडे. यंत्राच्या खांबाचा लांब लोखंडी नळ सासऱ्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. माथ्यावर पहिलं पाऊल त्यांनाच टाकायचं होतं. पुसेलेत्सोबाईंबरोबर मी आणि मानेओ मागून पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले गोळे, आणि भाजी घेऊन निघालो. आभाळ लख्ख होतं. खाली पेरण्या चालल्या होत्या.

माथा जवळ आला आणि कड्याखालून ढग उठला. बघता बघता पुढचा माणूस दिसेनासा झाला. मग भर नोव्हेंबरात, आमच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, बर्फ पडायला लागलं. आमच्या डोंगराला महिना विचारायची सवय नाही. माणसं पांगली, कोण कुठं आहे ते कळेना. नळाचं मागचं टोक दगडांवर आपटल्याचा आवाज तेवढा पुढून येत होता. ठण्ण, ठण्ण. सासरे थांबले नव्हते.

मानेओ मात्र थबकली. तिनं तोंड वर केलं.

"वारा हनुवटीला लागतोय," ती म्हणाली. "खालून येतोय. पुढं कडा आहे."

आमच्या बाजूनं डोंगर उतरतो, त्यांच्या बाजूनं तुटतो. हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"न्ताते!" ती ओरडली. "थांबा!"

"ओ!" "काय गं?" "कोण हाक मारतंय?" धुक्यातून चहूकडून उत्तरं आली. तिथला हरेक पुरुष कुणाचा तरी न्ताते होता. जो तो आपापल्या जागी थांबला, पण सासऱ्यांना ती हाक दुसऱ्याच कुणाला वाटली असावी; नळ वाजतच राहिला. ठण्ण, ठण्ण.

मानेओनं पोटातून श्वास घेतला.

"सेरामे! सेरामे, थांबा! जागचं हलू नका!"

माझ्या हातातली पापाची टोपली निसटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे नाव मी तिच्या तोंडून ऐकेन असं स्वप्नातही आलं नव्हतं. नळाचा आवाज बंद झाला.

"सेरामे, मागं फिरा! माझ्या आवाजाकडं या!" आणि ती हाका मारत राहिली, पुन्हा पुन्हा तेच नाव, ते धुक्यातून बाहेर येईपर्यंत.

ढग विरल्यावर सगळ्यांनी जाऊन बघितलं. ताज्या बर्फात त्यांची पावलं कड्याच्या काठाशी येऊन थांबली होती. खांद्यावरच्या नळाचं पुढचं टोक नक्कीच पोकळीत तरंगत असणार. खाली गिधाडं फिरत होती, आपण वर आणि गिधाडं खाली. त्सेको काठाशी उभा होता.

मानेओ गुडघे टेकून बसली. "मी नाव घेतलं, न्ताते."

"घेतलंस खरं," सासरे म्हणाले. त्यांची मान ताठ होती. "माझ्या आईनं ठेवल्यापासून इतक्या जोरात कुणी घेतलं नव्हतं. डोंगरभर गेलं." मग त्सेकोकडं वळून म्हणाले, "काय रे? लावलं का सुनेनं तोंड?"

"लावलं, न्ताते," त्सेको म्हणाला. "असं लावलं की जन्मभर विसरणार नाही."

"वारा खालून आला की कडा असतो, हे तुला कुणी शिकवलं?" सासऱ्यांनी मानेओला विचारलं.

"मामारूनं."

सासरे वळले. मग पुसेलेत्सोबाईंना म्हणाले, "बाई, मामारूचंही नाव लिहा. तिनं मला माघारी धाडलंय."

खांब दोन्ही गावांनी मिळून उभा केला. कुणी दगड आणले, कुणी तारा ताणल्या, त्सेको आणि सासरे एकाच नळाला खांदा देऊन उभे राहिले. नावाची वाट बाईंनीच काढली. म्हणाल्या, यंत्र दोन गोष्टी मोजतं. पाऊस मामारूच्या नावावर टाकू, थंडी रासेरामेच्या. वरिष्ठांना विचारावं लागेल, पण मी भांडेन. आणि त्या खरंच भांडल्या असाव्यात, कारण तसंच झालं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी मेंढा कापला आणि सगळ्या भावकीसमोर सांगितलं, की यापुढं सुनांनी डोंगराचं नाव खुशाल घ्यावं. माणसाचं नव्हे, डोंगराचं. म्हणून तर मी इथं ते सांगू शकतेय; गोष्टीपुरतं माणसाचंही घेतलंय, ते त्यांना विचारूनच. त्या संध्याकाळी गोठ्यामागं जाऊन मी हळूच म्हणून बघितलं, रासेरामे. जीभ अडखळली. मग मोठ्यानं म्हटलं. गाय वळून बघायला लागली, पण मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू!

जूनमध्ये, आमच्या ऐन हिवाळ्यात, गोवऱ्यांच्या शेकोटीशी बसलेलो असताना, रेडिओवर आलं: सगळ्या देशात आज सर्वांत कमी तापमान, रासेरामे. अंगणात एकच आरोळी उठली. मानेओची लेक नेओ उड्या मारत दारोदार सांगत सुटली. आणि मग उन्हाळ्यात, मोठ्या सरी कोसळल्या त्या आठवड्यात, सर्वांत जास्त पाऊस, मामारू. त्या दिवशी खिंड ओलांडून त्सेको स्वतः ज्वारीची दारू घेऊन आला, नुसता मिरवायला.

सखल भागातून आलेला एक लोकरीचा व्यापारी परवा विचारत होता, "तुमच्या भागात ही दोन मोठी शिखरं आहेत म्हणे. रेडिओवर ऐकतो. त्यातलं हे कोणतं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासऱ्यांनी मला हातानं गप्प केलं.

"दोन आहेत असंच वाटू दे त्याला," ते माझ्या कानाशी म्हणाले, आणि ब्लँकेट सावरत व्यापाऱ्याला मानेओकडं घेऊन गेले. "ही माझी थोरली सून," ते त्याला सांगत होते. "डोंगराचं काय विचारायचं ते हिला विचारा."