आंघोळीच्या पाण्यावर जगलेला पाईप

मित्रांनो, मी अर्थिंगचा जुना पाईप आहे. नेकनूरजवळच्या एका दूध सोसायटीच्या दाराशी गळ्यापर्यंत पुरलेला. चार बोटं तेवढा वर दिसतो, म्हणून लोक ठेचाळतात आणि शिव्या मलाच देतात.

कारखान्यात माझ्या अंगावर जस्ताचं चकचकीत पाणी चढलं, तेव्हा वाटलं होतं, आपण विहिरीवर जाणार. पण वायरमन सुग्रीवनं मला मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उभं केलं आणि दूध थंड करायच्या मशीनची तार माझ्या गळ्यात बांधली. मशीनच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती जमिनीत पोचवायची, हे माझं काम. त्यासाठी भोवतीची माती ओली लागते. कॅन धुणाऱ्या बायनाबाई मला रोज घागरभर पाणी पाजत. मोठे मजेचे दिवस होते ते.

मग दुष्काळ पडला. गाव टँकरवर आलं आणि चेअरमन आप्पारावांनी माझं पाणी तोडलं. "माणसाला प्याया न्हाई, अन् लोखंडाला घागर?" त्यांचंही खोटं नव्हतं. पण माझ्याभोवतीची माती पार कोरडीठाक पडली. एका सकाळी मशीनला हात लावताच बायनाबाईंच्या बोटांना झिणझिण्या आल्या. मशीनच्या अंगात आलंय, असं बायकांनी ठरवलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, झिणझिण्या मात्र तशाच.

सुग्रीवनं येऊन मशीन बंद केलं. "देवबिव काय न्हाई. पाईप तहानलाय. पाणी मिळंस्तवर मशीन बंद."

मशीन बंद म्हणजे दूध नासणार. त्या साली शेतात काडी नव्हती, घराघरातली चूल दुधावरच पेटत होती.

"आंगुळीचं चालंल का?" बायनाबाईंनी विचारलं.

"चालंल की. त्याला कुटं चव कळती?"

तेव्हा माणसं बाजेवर बसून आंघोळ करीत आणि खाली घमेलं ठेवून पाणी धरीत. ती घमेली माझ्याकडे येऊ लागली. साबणाचा वास लई गोड वाटला मला! मशीन पुन्हा सुरू झालं.

पुढच्याच आठवड्यात मोटार जळाली आणि सगळी वीज पत्र्यात उतरली. बायनाबाईंचा हात झाकणावरच होता. मी ती वीज घटाघटा प्यालो, फ्यूज फटकन उडाला. बायनाबाई शांतपणे झाकण लावत म्हणाल्या, "लाइट गेली वाटतं."

मला हसू आवरेना. सुग्रीवनं जळकी मोटार दाखवून, माती कोरडी असती तर बायनाबाई जागीच गेल्या असत्या, हे सांगितलं, तेव्हा आप्पाराव मात्र तडक घरी जाऊन आपल्या आंघोळीचं घमेलं घेऊन आले.

मित्रांनो, तुमच्या मीटरपाशीही माझा एखादा भाऊबंद पुरलेला असेल. त्याची माती ओली ठेवा, पाऊसपाणी कसंही असो. आमचे चेअरमन आजही ओल्या धोतरानं स्वतः घमेलं घेऊन येतात. म्हैस तोंड घालायला आली, की तिला बाजूला सारत म्हणतात, "थांब गं. आधी बायनाबाईचा पाईप."