खोटा रस्ता

तिच्या इंटरनेट कंपनीकडे हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून पुन्हा तक्रार आली. फोटो उघडायलाच तयार नाहीत. तिने राउटरवर, म्हणजे डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, रस्ता तपासला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. फोटो ठेवलेल्या डेटा सेंटरशी तिच्या कंपनीची सरळ तार होती, पण ट्रॅफिक, म्हणजे डेटाची सगळी ये-जा, वळसा घालून शेजारच्या इंटरनेट कंपनीतून चाललं होतं.

राउटरांचा कारभार भोळा. शेजारचा राउटर म्हणतो, "हे पत्ते माझ्याकडे आहेत," आणि आपला राउटर मान डोलावून ट्रॅफिक तिकडे पाठवतो. शेजारचा धडधडीत खोटं बोलत होता.

चूक असेल म्हणून तिने त्या कंपनीत फोन लावला.

"आमच्याकडे सगळं ठीक आहे, मॅडम," पलीकडून उत्तर आलं. आणि बघता बघता तो खोटा दावा स्क्रीनवरून गायब झाला. जेवणाची सुट्टी संपली तोच परत हजर!

आता तिच्या मनात पाल चुकचुकली. त्या कंपनीत तिचा धाकटा दीर कामाला होता. परवाच चहा पिता पिता त्याने सहज विचारलं होतं, "वहिनी, तुमच्याकडे शेजाऱ्यांचे दावे गाळायला फिल्टर आहे ना?" हल्ली फोन आला की तो गॅलरीत जाऊन कुजबुजायचा. तिने त्याला फोन लावला. त्याने कापला.

ती पर्स उचलून थेट त्याच्या ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. तो खाली आला, तिला बघून पांढराफटक पडला.

"भाऊजी, माझ्या घरात राहून माझीच माहिती काढत होतात?"

"हळू बोला, वहिनी! साहेबांना तुमची गिऱ्हाइकं कुठे जातात ते बघायचंय. उद्या तीच फोडायची आहेत. मी नाही म्हणालो, म्हणून दुसऱ्याकडून करून घेतलं. फिल्टरचं विचारलं ते तुम्ही सावध व्हावं म्हणून."

"मग सरळ सांगायला काय झालं होतं?"

"नोकरी गेली असती."

ती आपल्या ऑफिसात परतली. फिल्टर घातला. खोटा दावा दारातच अडला, ट्रॅफिक आपल्या तारेवर आलं, एक्स-रेवाल्यांनी फोन करून आभार मानले. तिच्या साहेबांनी शेजारच्या कंपनीकडे रीतसर तक्रार केली आणि मग तिला विचारलं, "मुद्दाम करतायत हे कशावरून ओळखलंस?"

"मी फोन केला तसा दावा निघाला आणि थोड्या वेळाने परत आला, साहेब. त्यावरूनच."

दिराचं नाव तिने ओठांवर येऊ दिलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला, चपला काढता काढता तिच्याकडे बघून ओशाळं हसला. तीही हसली. त्याचं म्हणणं तिला पटलं होतं, अगदी पटलं होतं. तरी तो आंघोळीला गेल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड बदलून टाकला. बदलताना तिची तिलाच लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.