माफीला अकरा पानं

नववं प्रकरण मेलमध्ये येऊन पडलं तेव्हा मी ताईच्या स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होते. फोन बरणीला टेकवून एकीकडे वाचत होते. शेवटच्या पानावर आले आणि सुरी ओट्यावर अशी आपटली की ताई तपासायच्या वह्या टाकून धावत आली.

“काय गं? बोट कापलंस?”

“तिनं माफ केलं त्याला.”

“कुणी कुणाला?”

“माझ्या नायिकेनं. मला न विचारता!”

ताई शाळेत गणित शिकवते. कादंबऱ्यांवर तिचा फारसा विश्वास नाही, पण गेले आठ महिने मी तिच्याकडे राहतेय, त्यामुळे बिचारीला सगळं वाचावं लागतं. तिनं फोन घेतला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि उभ्यानंच वाचलं. “आठव्यात त्याचं तोंड बघायला तयार नव्हती,” ती म्हणाली, “नवव्यात गळ्यात पडली. मधे काय डोक्यावर पडली का?”

एरवी मी हसले असते.

एका ओळीसाठी मी एवढी का पेटले ते कळायचं तर आमची पद्धत सांगायला हवी. मी आणि माझा नवरा मिळून प्रेमकथा लिहितो. चौदा वर्षं, दहा कादंबऱ्या, कव्हरवर दोघांचं मिळून एकच टोपणनाव. विषम प्रकरणं त्याची, नायकाच्या बाजूनं. सम प्रकरणं माझी, नायिकेच्या बाजूनं. आणि लग्नाच्याही आधीपासूनचा आमचा एक नियम आहे: दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. त्याच्या प्रकरणात नायिका बोलायची वेळ आली की तो नुसती रिकामी ओळ सोडतो. ती ओळ मी भरते. त्यावर नायक काय म्हणतो ते तो लिहितो, पुन्हा ओळ सोडतो, पुन्हा माझ्याकडे पाठवतो. एकेका भांडणाला तीन-तीन आठवडे लागायचे.

वाचक विचारतात, तुमच्या पुस्तकांतली माणसं एकमेकांकडे इतकी खरी ओढली कशी जातात? यात गुपित काही नाही. नायकाला खरोखरच माहीत नसायचं, ती काय म्हणणार आहे. विसाव्या पानावर तो ‘कॉफी घेऊ या?’ म्हणाला आणि मी तिला ‘नको’ म्हणायला लावलं, की पुढची तीस पानं त्याला दुसरं निमित्त शोधत फिरावं लागायचं. त्या तीस पानांत प्रेम व्हायचं. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे त्याच्या तोंडाकडे कोण कशाला बघत बसेल?

आणि या माणसानं माझी ओळ स्वतःच भरून टाकली होती. ‘जाऊ दे,’ नायिका म्हणते, ‘मला माहीत आहे, तुझ्या मनात वाईट नव्हतं.’ मी पानं मोजली. अपमानापासून मिठीपर्यंत अकरा. त्यातली तीन पानं तो कुठला शर्ट घालावा याचा विचार करतो.

अपमान आठव्या प्रकरणात मीच घातला होता, मुद्दाम. आमची नायिका औषधांच्या दुकानात काम करते, नायक तिला गाडी शिकवतो. लहानपणी तिनं एक अपघात पाहिलाय, त्यामुळे स्टिअरिंगला हात लावला की ती थरथरते. हे ती त्याला एकट्याला सांगते. मग तिला कळतं, की तो ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. धीर द्यायला, तिचं नाव न घेता, पण चांगली रंगवून. एवढं लिहून मी पाठवलं आणि वाट बघत बसले. महिनाभर त्याचे रोज मेसेज येत होते, ‘परत ये.’ आणि खरं सांगायचं तर मला जायचं होतं. ताईच्या मागच्या खोलीत शिलाई मशीन आणि इस्त्रीच्या टेबलामधे झोपून माझी पाठ धरली होती, आणि त्याच्या फालतू विनोदांची सवय काही केल्या सुटत नव्हती. मी मनाशी ठरवलं, नववं प्रकरण येऊ दे. आपण काय केलं ते नायकाला कळतं का बघू, आणि मग घरी जायचं की नाही ते ठरवू.

कारण नायकानं जे केलं तेच यानं माझ्याबरोबर केलं होतं.

दीड वर्षापूर्वी आई सतरा दिवस दवाखान्यात होती. ताईची शाळा सुटेपर्यंत मी आईजवळ थांबायचे. दुपारी नर्स मला तासभर बाहेर काढायची, तेव्हा मी जिन्यात उभी राहून नवऱ्याला फोन करायचे आणि मन मोकळं करायचे. पुस्तकाची मुदत जवळ आलेली, म्हणून तो घरी. पण ऐकायचा फार छान. मधेच हळूच म्हणायचा, ‘आणि मग तुला काय वाटलं?’ मला वाटायचं, काय माया आहे या माणसाला! एकदा मागून टकटक ऐकू आली. काय करतोयस, म्हटलं, तर म्हणाला, ‘भांडी लावतोय. तू बोल.’ आई गेल्यावर आठवड्यानं त्यानं सांगितलं, ‘पुस्तक गेलं वेळेवर. तुझी प्रकरणं मीच कशीबशी उरकली.’ मी त्याचे आभार मानले. गळ्यात पडून मानले.

ते पुस्तक मी छापून आल्यावर वाचलं. चौथ्या प्रकरणात नायिका आजारी मावशीजवळ बसली होती. ‘तिची नखं कापायला घेतली आणि मला वाटलं, आता मी तिच्यापेक्षा मोठी झाले.’ हे माझं वाक्य होतं. जिन्यात नाक पुसत त्याला सांगितलेलं. आणि हे एकच नाही. साठ पानं भरून माझीच वाक्यं, जागच्या जागी स्वल्पविराम देऊन लावलेली. आमचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ते. मी त्याच आठवड्यात बॅग भरली. त्याचं म्हणणं आजपर्यंत एकच आहे, ‘अगं, तुझ्यासाठीच केलं ना!’

तर त्या सकाळी मी त्याला फोन केला नाही, सरळ संपादकबाईंना केला. आम्ही त्यांना कात्री म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतं. “अकरा वाजता दोघंही या,” कात्रीबाई म्हणाल्या. “फोनवर ओरडू नकोस, माझा कान दुखतो.”

मी पोचले तेव्हा तो त्यांच्या केबिनमध्ये आधीच बसला होता. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. तिसऱ्या खुर्चीवर प्रुफांचा गठ्ठा होता, तो मी उचलून जमिनीवर ठेवला आणि बसले.

“कशी आहेस?” त्यानं विचारलं.

मी छापून आणलेलं पान त्याच्यापुढे सरकवलं. “ही ओळ कुणी लिहिली?”

“अगं, मुदतीला किती थोडे दिवस उरलेत. म्हटलं, तू हेच म्हणशील.”

“मी असं बापजन्मात म्हटलेलं नाही.”

“बरं, मग दुसरं काहीतरी म्हण. शेवटी माफ तर करायचंच आहे ना?”

“कुणी ठरवलं?”

“वाचकांनी,” कात्रीबाई मधे पडल्या. “रुसवा पंचवीस पानांच्या आत मिटला पाहिजे. त्यापुढे लोक पुस्तक पालथं घालून टीव्ही लावतात. हे तुम्हा दोघांना मी शिकवायचं?”

“हा रुसवा नाही, बाई. तिनं विश्वासानं सांगितलेलं त्यानं चारचौघांत मांडलं. आणि आपण काय केलं ते त्याला अजून कळलेलंच नाही! नीट वाचा ते प्रकरण. ‘तुला वाईट वाटलं याचं मला फार वाईट वाटतं,’ म्हणतो. माफी मागतानासुद्धा स्वतःच्याच वाटण्याबद्दल बोलतो. असल्या माणसाच्या गळ्यात अकरा पानांत पडणारी बाई मला नाही लिहिता येत.”

“तुला सगळं येतं. मागच्या पुस्तकातली ती दवाखान्याची प्रकरणं आठव. मावशीची नखं कापते ते. वीस वर्षं मी हे काम करतेय, तिथे मला एक शब्द कापावासा वाटला नाही. तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण आहे ते. तसं आतून लिही, मग माफी कितीही लवकर दे, पटेल.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. एकच वाक्य बोलायचं होतं, ती प्रकरणं हिनं लिहिलेली नाहीत. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

“ती मी लिहिलेली नाहीत,” मी म्हटलं. “माझी आई मरत होती. मी फोनवर रडत होते आणि हा टाइप करत होता.”

कात्रीबाईंनी पेन खाली ठेवलं.

“असं नाही हं ते,” तो म्हणाला. “भाषा हिचीच होती, मी फक्त—”

“तू फक्त काय? पुढची ओळ हवी असली की तू विचारायचास, मग तुला काय वाटलं. मी गप्प बसले असते तर तुझं प्रकरण अडलं असतं! सतरा दिवसांत तू दवाखान्यात दोनदा आलास. दोनदा! आणि मी मूर्ख, ताईला सांगत होते, तो रोज तासभर ऐकतो गं माझं. आईबद्दल रडायला मला जगात एकच माणूस होता. तुला दुसरं कुणी मिळालं नाही चोरायला?”

माझा आवाज चांगलाच चढला असणार, कारण काचेपलीकडे जाहिरातवाल्यांच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या होत्या. वळू देत, म्हटलं. कात्रीबाईंनी नवव्या प्रकरणाचे कागद गोळा केले आणि त्याच्या हातात दिले.

“हे परत लिहा,” त्या म्हणाल्या. “पानांचं मी बघते. आणि दीड वर्ष मी हिचं कौतुक करत होते, तेव्हा तुम्ही तोंड उघडायला हवं होतं.”

मी निघाले. लिफ्टची वाट बघत त्याच्या शेजारी उभं राहणं मला जमलं नसतं, म्हणून जिन्यानं उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यानं मला गाठलं. धापा टाकत होता, कागद हातात तसेच.

“थांब,” तो म्हणाला. “एवढं ऐक. मग जा.”

मी थांबले.

“मी ऐकत नव्हतो. तू म्हणालीस ते खरं आहे. ऐकलं असतं तर मला यावं लागलं असतं तिथे, आणि मला भीती वाटत होती. तुझी आई मला कधी जावई म्हणाली नाही, मुलगाच म्हणायची. तिला तसं पडलेलं मला बघवलं नसतं. लिहीत बसलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटायचं.” तो थांबला. “तुझं दुःख मी दुसऱ्या कुणाचं तरी करून टाकलं. म्हणजे मला ते वाटून घ्यायला नको.”

तो रडत होता. गाल ओले झाले होते, नाक लाल झालं होतं. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, असं तो कधी बोलला नव्हता. सबब नाही, ‘तुझ्यासाठी’ नाही. आठ महिने मी हेच ऐकायला थांबले होते. माझा हात कठड्यावरून उचलला गेलासुद्धा, त्याच्या दंडाकडे.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की वाक्यं फार चांगली आहेत. थांबायला हवं तिथे तो थांबला होता. सगळ्यात जड वाक्य शेवटी आलं होतं. हे त्याला आत्ता सुचलं, की सकाळी दाढी करताना तयार केलं? मला सांगता येईना. ज्याच्या शेजारी इतकी वर्षं झोपले त्याचं रडणं खरं की लिहिलेलं, हेच मला सांगता येईना, आणि त्याचा मला असा काही संताप आला की जिभेवर आलं ते मी बोलून गेले.

“छान आहे हे,” मी म्हटलं. “नवव्या प्रकरणात घाल.”

मला त्याला टोचायचं होतं, बाकी काही नाही. वाटलं, आता चिडेल. शिवी देईल, कागद माझ्या अंगावर फेकेल, तुझं डोकं फिरलंय म्हणून तरातरा निघून जाईल. यातलं काहीही त्यानं केलं असतं ना, तर मी त्याच्याबरोबर घरी गेले असते. शपथेवर सांगते, तशीच गेले असते, बॅग आणायलाही थांबले नसते.

त्यानं बाहीनं डोळे पुसले. नाक ओढलं. मग त्याच्या भुवया हळूच वर गेल्या. एखादा अडलेला प्रसंग जमला की त्याच्या भुवया तशा जातात.

“खरंच?” तो म्हणाला. “घालू?”

“घाल,” मी म्हटलं, आणि उरलेले जिने उतरून रस्त्यावर आले.