उमेदवाराचा वाटा

तारकर्लीच्या वाळूत आम्ही रापणीचं जाळं ओढत होतो. लोकसभेचा उमेदवार आला, बाह्या सरसावून आमच्या दोरीला हात लावला, फोटो काढून घेतले आणि जाळं पाण्यातच असताना गाडीत बसून गेला.

आमच्याकडे दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. रापणीचे म्होरके रोझारियोकाका नियमाचे पक्के. जाळं किनाऱ्याला आल्यावर त्यांनी त्या उमेदवाराचेही चार बांगडे वाळूवर बाजूला ठेवले.

"काका, तो काय परत येवचो नाय!" मी चिडलो.

"माका ठाऊक आसा."

"मगे मत कोणाक देतलास?"

काका ओली दोरी गुंडाळत राहिले.

"गेल्या खेपेक ज्याका आपण गुलाल लावलो, त्याचोय वाटो मांजरान खाल्ल्यान."

मांजर आधीच येऊन बसलं होतं.