त्यागमूर्तीची शाल

जानेवारीतला शनिवार, सकाळची शाळा सुटायला अर्धा तास होता. कै. भागिरथाबाई कन्या विद्यालयाच्या वऱ्हांड्यात कवडू शिपाई मुख्याध्यापकांच्या खुर्चीला पॉलिश मारत बसला होता. खुर्ची सागवानाची. संस्थेचे अध्यक्ष चंपतराव काळबांडे दर पंधरा ऑगस्टला सांगत, की त्यांच्या वडिलांनी ती पारशिवनीहून बैलगाडीतून नागपूरला आणली, आणि ती इतकी जड होती की वाटेत दोन बैल बसले ते उठलेच नाहीत, आणि पेंचच्या जंगलातून आलेला वाघसुद्धा तिला पाहून अदबीनं बाजूला झाला. बैलांचा आकडा दर वर्षी वाढत गेला होता. यंदा सहा झाले होते. वाघ मात्र एकच राहिला. वाघांची मोजदाद सरकार ठेवतं म्हणून असेल.

गणिताचा तास आटोपून शामला गजभिये तिथून चालल्या होत्या. खुर्चीशेजारी बाकावर शालींचे दोन खोके पाहून त्या थांबल्या.

"काहून जी कवडूभाऊ, रिटायर तर एकटे सरच होऊन राहिले. मग शाली दोन?"

"एक सरांची."

"आणि दुसरी?"

कवडूचं फडकं थांबलं. "दुसरी त्यागमूर्तीची. यादीत एक नंबर तुमीच हाव न मॅडम. मंग तुमचीच ते."

शामलाबाईंच्या हातातला खडू मोडला. त्याचे दोन्ही तुकडे त्यांनी पर्समध्ये टाकले आणि पेन समजून तेच पुन्हा बाहेर काढले.

नियम सरळ होता. मुख्याध्यापक निवृत्त झाला की ज्येष्ठता यादीतला पहिला शिक्षक त्या जागी बसणार. पण नियमाला एक खिडकी होती: त्या शिक्षकानं आपणहून, राजीखुशीनं हक्क सोडल्याचं लिहून दिलं, तर खालच्याचा नंबर लागतो. एखाद्या आजारी माणसासाठी ठेवलेली खिडकी ती. चंपतरावांनी तीतून अख्खी वरात नेली. आजवर तीन बाया आणि गोवारी जमातीतले एक सर, असे चार ज्येष्ठ शिक्षक होऊन गेले. चौघांनीही 'घरगुती कारणास्तव' हक्क सोडला होता. चौघांची घरं वेगळी, कारण मात्र एक. प्रत्येकाचा 'त्यागमूर्ती' म्हणून सत्कार झाला. शाल नवी असे. नारळ मात्र तोच असावा असा स्टाफरूमचा संशय होता. तो इतक्या सत्कारांना हजर होता, की एखादे दिवशी आभारप्रदर्शन तोच करील असं वाटे. ऑफिसच्या भिंतीवर माजी मुख्याध्यापकांचे फोटो होते. सगळे काळबांडे. आता निवृत्त होणारे काळबांड्यांचे मेहुणे. पुढचा नंबर चंपतरावांच्या सुनेचा, नंदिनीचा, असं कुलफीवाल्यालासुद्धा माहीत होतं. यादीत ती अकरावी होती; मधल्या नऊजणांची घरगुती कारणंही वेळेवर निघणार होती.

शाळा सुटताच बोलावणं आलं.

"या शामलाताई, बसा न," चंपतराव म्हणाले. त्यांच्या पुढ्यात लाल फाईल होती. "तुमी म्हणजे आमच्या घरच्याच. आन् घरच्या मानसानं हक्क मांगू नाही, आशीर्वाद द्यावा. दोन ओळी लिहून द्या."

"सर, मला त्या जागेवर काम करायचं आहे."

"काम तुमीच कराल हो! टाइमटेबल तुमी, रिझल्ट तुमी. नंदिनी फक्त बसंल." ते हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "गैरसमज नका करू. तुमच्या जयंतीले आम्ही येतोच न? जेवतो बी. पण शाळेले नाव आमच्या आईचं, ते खुर्ची म्हणजे तिचं देवघर हाय. समजून घ्या."

शामलाबाईंना समजलं. सव्वीस वर्षं रोज थोडंथोडं समजत आलं होतं. आज सगळं एकदम समजलं.

"तुमच्या दीक्षाचं बी.एड. झालं म्हणे," चंपतराव फाईल चाळत म्हणाले. "घरीच बसून हाय का? आपल्याकडं तासिकेवर घेऊन टाकू. सोमवारी पत्र घेऊन या."

घरी येऊन शामलाबाईंनी मेथी निवडली. मग निवडलेली मेथी पुन्हा निवडली. तिसऱ्यांदा परात ओढली तेव्हा त्यांचे यजमान आनंदराव म्हणाले, "आता देठंच राह्यले, शामल. काय झालं ते सांग."

आनंदराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. तिथल्या घरघरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला म्हातारपणी फक्त शांतता हवी होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "देऊन टाक न लिहून. तुले काय, पोरी शिकवाच्या हायेत. खुर्चीवर बसून शिकवशीन का? इकडं पोरगी तरी लागून जाईन."

"बाबा, मले मधात घेऊ नका," आतून दीक्षा आली. "आई, तू लागली तेव्हा तुझ्याकडून कोरे कागद घेतले होते न सही करून?"

"घेतले होते एक-दोन. सगळ्यांकडून घेतात. तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. क्लार्क म्हणाला, शाळेच्या कामाले लागते."

"मंग माझ्याकडूनही घेतील. अन् पन्नास वर्षांची झाली का मलेही एक शाल देतील. आपल्या घरात शालीच शाली!"

आनंदरावांनी उगाच रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला.

रविवारी शामलाबाई रुखमाबाईंकडे गेल्या. चौदा वर्षांपूर्वीच्या त्यागमूर्ती त्या. घरात शिरताच शामलाबाईंना ती शाल दिसली. जरीच्या काठाची, कोपऱ्यातल्या बंद कूलरवर नीट पांघरलेली.

"धूळ नाही जात मंग आत," रुखमाबाई म्हणाल्या. "उन्हाळाभर तो मले थंड हवा देते, हिवाळ्यात मी त्याचा सत्कार करतो. हक्काचं काम करणारा या घरात तोच एक."

शामलाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना आठवलं. त्या समारंभात मानपत्र त्यांनीच वाचलं होतं. आवाज चांगला म्हणून.

"किती सुंदर वाचलं होतं तू," रुखमाबाई म्हणाल्या. "'त्यागाचा सुगंध' म्हणे. मी रडली, तं लोकांले वाटलं आनंदानं रडून राह्यली."

"तुम्ही काहून लिहून दिलं, बाई?"

"कोनं लिहून देलं वं? मले तं सत्काराच्या दिवशीच समजलं का मी त्याग केला म्हणून. मागं कधी कोऱ्या कागदावर सही होती माही, तेच भरला त्याहीनं. आता भर सभेत उभं राहून म्हणू का, का मी त्याग नाही केला? नारळ हातात देला होता न. हात मोकळे नव्हते माहे."

परतताना शामलाबाई ऑटोत बसल्या, दोन चौक पुढे उतरल्या आणि उरलेली वाट पायी चालल्या. बसवत नव्हतं.

सोमवारी त्या अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. "सर, मी लिहून देणार नाही."

चंपतराव चिडले नाहीत. त्यांनी चहा मागवला. "हरकत नाही, ताई. तुमी खुशीनं द्यावं म्हणून मांगलं होतं. तुमचं पत्र तं शनिवारीच गेलं शिक्षणाधिकाऱ्यांकडं. सहीसकट."

शामलाबाईंनी त्याच दिवशी जिल्हा परिषदेत तक्रार दिली. दहा दिवसांत सुनावणीची नोटीस आली. त्या दहा दिवसांत त्यांच्या तासाच्या वह्या तीनदा तपासल्या गेल्या, शौचालयाच्या देखरेखीची ड्यूटी लागली, आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. ज्यांनी कालपर्यंत त्यांच्या डब्यातलं लोणचं मागून खाल्लं, त्यांना अचानक आंबट वर्ज्य झालं. फक्त कवडू रोज पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि पुटपुटायचा, "भिऊ नोका जी."

सुनावणीला चंपतराव वकील घेऊन आले. शामलाबाईंबरोबर दीक्षा होती, आणि रेडिओ घरी सोडून आनंदरावही. शिक्षणाधिकारी साहेबांनी पत्र पुढे सरकवलं.

"मॅडम, सहा जानेवारीचं हे पत्र. घरगुती कारणास्तव हक्क सोडत असल्याचं. सही तुमचीच का?"

शामलाबाईंनी कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"हो साहेब. सही माझीच आहे."

आनंदरावांनी डोकं धरलं. चंपतराव खुर्चीत ऐसपैस झाले.

"पण साहेब, ती सही जरा मोठ्यानं वाचता का?"

साहेबांनी चष्मा लावला. "कु. शामला नामदेव मेश्राम." ते थांबले. "कुमारी?"

"मेश्राम माझं माहेर. नोकरीला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. तेव्हापासून हजेरीपटावर रोज 'सौ. शामला गजभिये' अशी सही आहे. सव्वीस वर्षांचे हजेरीपट मागवा." त्यांनी पत्रावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "यंदाच्या सहा जानेवारीला कुमारी मेश्राम कुठून आली, साहेब? ती पोर तर नोकरी मिळाली म्हणून आनंदात होती. क्लार्कनं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. तिला कोणी सांगितलं नाही, की हा तुझा पन्नाशीतला नकार आहे."

वकील म्हणाले, "कधी कधी बायका सवयीनं माहेरची सही करतात, सर."

"चाळीसच्या वर पायऱ्या चढून आली मी," मागून आवाज आला. रुखमाबाई होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. जिना वीस पायऱ्यांचाच होता, पण त्यांच्या गुडघ्यांचा हिशोब वेगळा. त्यांनी पिशवीतून शाल काढली, चौदा वर्षांची कूलरची धूळ झटकली आणि साहेबांच्या टेबलावर घडी करून ठेवली. "माही सवय बी विचारून घ्या साहेब. तवा मले कोनं विचारलंच नव्हतं. हे घ्या चंपतराव, तुमची शाल तुमाले. माहे हात आता मोकळे हायेत."

साहेबांनी हजेरीपट मागवले. आठवड्यानं आदेश निघाला: पत्र ग्राह्य धरता येत नाही, मुख्याध्यापकपदाचा कार्यभार ज्येष्ठ शिक्षिका गजभिये यांच्याकडे द्यावा. संस्थेनं त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिलं. न्यायालयानं स्थगिती दिली नाही, तारीख दिली. मग आणखी एक तारीख दिली. प्रकरण अजून सुरू आहे, आणि चंपतराव सांगत फिरतात की ते दिल्लीपर्यंत जातील. बैलगाडीनं जाणार का, असं कवडूनं एकदा विचारलं म्हणतात.

एक फेब्रुवारीला शामलाबाई ऑफिसात गेल्या. सत्कार नव्हता, नारळ नव्हता. खिडकीजवळ उजेडात बसावं म्हणून त्यांनी ती सहा बैलांची खुर्ची ओढायला दोन्ही हात लावले, आणि तोल जाता जाता वाचला. खुर्ची एका हातानं उचलण्याइतकी हलकी होती.

"मले ठाऊक होतं जी," कवडू म्हणाला. "रोज उचलतो न मी. कोनी विचारलंच नाही."

त्यानं भिंतीतल्या कपाटाची चावी काढून दिली. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल असं काळबांड्यांच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून कपाट रिकामं करायचं कोणाला सुचलं नव्हतं. लाल फाईल तिथंच होती. आत बावीस कोरे कागद. प्रत्येकाच्या तळाशी एक सही, वर पांढरा शुभ्र मोकळेपणा, ज्यात काहीही लिहिता येईल: नकार, राजीनामा, गुन्ह्याची कबुली.

मधल्या सुट्टीत त्या फाईल घेऊन स्टाफरूममध्ये गेल्या आणि एकेक नाव वाचून ज्याचा कागद त्याच्या हातात देऊ लागल्या. आधी कोणाला कळेना. मग एका सरांनी आपला कागद टरकावला. भूमिका नावाच्या मॅडमनी इतके बारीक तुकडे केले, की चिमणीलासुद्धा वाचता येऊ नयेत. कवडूचाही कागद निघाला. त्यानं त्याचं विमान केलं आणि खिडकीतून सोडलं. ते पार दूरच्या मेडिकल चौकापर्यंत गेलं, असं तो आजही शपथेवर सांगतो.

शेवटचा कागद हातात घेऊन शामलाबाई थबकल्या. मग कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर बसलेल्या मुलीकडे गेल्या.

"नंदिनी, हा तुझा."

नंदिनीनं सही पाहिली. सौ. नंदिनी काळबांडे. आठ वर्षांपूर्वीची, ठळक, नव्या नवरीची सही. "मामाजींनी माझाही घेऊन ठेवला होता?" ती म्हणाली. "मी तर सून आहे त्यांची."

"म्हणून तुझा कोरा राहिला, बाई. अजूनपर्यंत."

या कागदाचे तुकडे कसे होतात ते पाहायला सगळे थांबले. नंदिनीनं कागद फाडला नाही. चार घड्या केल्या, पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढून घेतली.

"मॅडम," तिनं विचारलं, "हायकोर्टातली पुढची तारीख कधीची आहे?"