दारातला डोळा

देवासच्या ज्या कॉलनीत श्रीपाद राहायचा, तिथं सगळ्यांना ठाऊक होतं की हा माणूस कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे आणि याला नाही म्हणता येत नाही. रविवार उजाडला की कुणी बंद पडलेला मिक्सर, कुणी इस्त्री घेऊन तिसरा मजला चढायचा. "भिया, जरा देख लो ना." श्रीपाद आतल्या आत धुसफुसायचा आणि वरवर हसत पेचकस शोधायचा. ज्याला नाही म्हणायची हिंमत नसते, तो लपायची सोय बघतो. श्रीपादनं कॅमेरा बसवला.

ही २००३ सालची गोष्ट. इंदूरच्या बाजारातून त्यानं काड्यापेटीएवढा स्वस्तातला कॅमेरा आणला. दारातल्या भिंगाचं भोक आतल्या बाजूनं ड्रिलनं मोठं करून तो मागं बसवला आणि वायर चौकटीवरून फिरवून घरातल्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडली. बाहेरच्याला नेहमीचं भिंगच दिसायचं, आत फ्रिजवरच्या टीव्हीत आख्खा माणूस दिसायचा, म्हणजे कमरेपासून वर. मिक्सर दिसला की श्रीपाद गप्प बसायचा. माणूस दोनदा बेल वाजवून जायचा. बायकोला, कुंदाला, हे पटत नव्हतं, पण श्रीपाद स्वतःच्या कारागिरीवर बेहद्द खूश होता.

जानेवारीत धारहून ताईचा फोन आला. "रविवारी इरावतीला घेऊन येत्ये. काम आहे, पण ते फोनवर सांगायचं नव्हे."

काय काम असणार ते श्रीपादनं लगेच ताडलं. भाचीला, इरावतीला, देवासच्या शाळेत नोकरी लागली तर ती मामाकडंच राहील, असं ताई दिवाळीत बोलली होती. दोन खोल्यांच्या घरात आणखी एक माणूस त्याला नको होता. आणि आई गेल्यावर जिनं आपल्याला लहानाचं मोठं केलं, तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? "अगं, रविवारी आम्ही बागलीला चाललोय, कुंदाच्या माहेरी," तो म्हणून गेला. ताई नुसतं "बरं" म्हणाली. फोन ठेवताना त्याला लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

रविवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. पडद्यावर ताई होती, आणि तिच्यामागं भलीमोठी पिशवी खांद्याला लावून इरावती.

"बघ, सामानासकट आल्यात," श्रीपाद कुजबुजला.

"अहो, उघडा ना. ताई आहेत, कोई पराये थोडी हैं," कुंदा म्हणाली. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

दार पातळ होतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"मी म्हणत होते ना आई, मामा बागलीला गेलेत. फोनवरच सांगून टाकायचं होतं," इरावती म्हणाली.

"लग्नाचं आमंत्रण का फोनवर देतात?" ताईचा आवाज आला. "पहिली अक्षत गणपतीला, दुसरी मामाच्या दाराला. सकाळी देवापुढं ठेवली, तेव्हा आजच यायला हवं होतं. घरात कोणी नसलं तर उंबऱ्याला द्यायचं. उद्या मांडवात तुला हाताला धरून आणणारा तो आहे. नमस्कार कर."

इरावतीनं पिशवी उघडून नारळ, पत्रिका आणि कुंकवाची डबी काढली. मग ती वाकली आणि पडद्यावरून दिसेनाशी झाली. श्रीपादचा हात कडीपर्यंत जाऊन मागं आला. आता दार उघडावं तरी कुठल्या तोंडानं उघडावं?

ताईनं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पोरीला म्हणाली, "तू हो पुढं, टेम्पो बघ." इरावती जिना उतरून गेल्यावर ताई स्वतः खाली वाकली, सावकाश उठली, डबीत बोट बुडवलं आणि दाराला कुंकू लावलं. ते नेमकं भिंगावर लागलं आणि टीव्हीत अंधार झाला.

पावलांचा आवाज थांबल्यावर श्रीपादनं दार उघडलं. उंबऱ्यावर नारळ होता, पत्रिका होती, तिच्यावर चिमूटभर अक्षता होत्या. आणि शेजारी त्याच्या आणि कुंदाच्या चपला. सकाळी दूध घेऊन आल्यावर दोघांनी त्या नेहमीप्रमाणं दाराबाहेर कशाही भिरकावल्या होत्या, त्या आता जोडीनं नीट लावलेल्या होत्या.

कॅमेऱ्यात खालचं दिसत नाही, हे एवढ्या मोठ्या इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मिक्सरवाल्यांनाही मग दर रविवारी कळत असणार. पण त्यांचं काय एवढं. ताईला कळलं होतं. कळूनही तिनं रीतसर आमंत्रण दिलं होतं. श्रीपादला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जा," कुंदा एवढंच म्हणाली.

तो अनवाणी धावत सुटला. कोपऱ्यावर टेम्पोपाशी दोघी उभ्या होत्या.

"मामा?" इरावतीचा चेहरा एकदम फुलला. "तुम्ही तर बागलीला गेला होता ना?"

"आत्ताच आला असेल," ताई घाईनं म्हणाली. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं आणि नजर वळवली. "पत्रिका मिळाली ना रे? चल, आम्हाला इंदूरला बस बदलायची आहे."

तिनं त्याला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण श्रीपादच्या छातीत ते मावेना.

"नाही ताई. घरातच होतो. दार उघडलं नाही. तुम्हाला टीव्हीवर बघत बसलो होतो. मला वाटलं, इरावतीला राहायला ठेवायला आलीस. माफ कर मला."

बोलून झालं आणि त्याला क्षणभर हलकं वाटलं. मग त्यानं इरावतीकडे पाहिलं. तिचं हसू तोंडावरच राहिलं होतं, आणि त्याचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. तिनं पिशवी पोटाशी धरली आणि टेम्पोत जाऊन बसली.

"मला ठाऊक होतं रे," ताई हळू आवाजात म्हणाली. "हिला नव्हतं."