उपाशी म्हणजे किती उपाशी?

पौर्णिमाला प्रश्न पडायची सवय जुनीच होती, मोठ्यानं विचारायची मात्र नवी. नववीत गेल्यावर विज्ञानाच्या जुनघरे मॅडमनी वर्गात सांगितलं, "ज्याला प्रश्न आहे त्यानं उभं राहायचं, बसल्या बसल्या पुटपुटायचं नाही." तेव्हापासून ही पोरगी जी उभी राहिली, ती बसायचं नावच घेईना. दर्यापुरात त्यांच्या गल्लीत तिचं नावच पडलं होतं 'चौकशी खिडकी'.

सध्या या खिडकीत एकच प्रश्न अडकून बसला होता. आई जेवत का नाही?

तिच्या आईला, गीतांजलीला, थायरॉइडचा आजार असल्याचं कळून दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी एक गोळी, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी आणि दर वेळी आकडा चढलेलाच. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळीची ताकद दोनदा वाढवून पाहिली. तरी पायात गोळे यायचे, फणीत केसांचा पुंजका निघायचा, आणि दुपारी गहू निवडता निवडता मान खाली पडायची ते वेगळंच. औषध लागू पडत नाही म्हणजे बाईचा खाण्यावर ताबा नाही, असा निकाल शेजारच्या लीलाकाकूंनी देऊन टाकला आणि गीतांजलीनं तो मुकाट मान्य केला. थायरॉइडला वाईट म्हणून आधी पत्ताकोबी गेली. मग फुलकोबी, सोयाबीनच्या वड्या, शेंगदाणे. मग भात. आता ताटात उरली होती अर्धी भाकर आणि वाटीभर पातळ वरण. परवा पाण्याचा गुंड उचलताना तिला भोवळ आली, ती ओट्याला धरून खालीच बसली.

"कोबीचं समजलं, पण भात काहून सोडला?" पौर्णिमानं विचारलं.

"भातानं आंग सुटते."

"कोन म्हणे?"

"सारेच म्हणतात."

"सारे म्हणजे लीलाकाकू?"

"आता मार खाशीन, पुनी."

"मी मार तरी खाईन. तू तं काहीच खाऊन नाही राहिली!"

गीतांजली हसली, पण भाकरीचा तुकडा तिनं परत टोपल्यात टाकला तो टाकलाच.

सोमवारी अमरावतीला जायचं होतं. आकडा पुन्हा चढलेला निघाला तर गोळी वाढणार, आणि गोळी वाढली की आई उरलेली अर्धी भाकरही सोडणार, हे पौर्णिमाला दिसतच होतं. प्रयोग फसला तर पुस्तकाला दोष द्यायच्या आधी आपण हातानं काय केलं ते पाहा, असं जुनघरे मॅडम म्हणत. म्हणून रविवारी ती सहालाच उठली आणि डोळे चोळत स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसली.

गीतांजलीनं चहा ठेवला. उकळला, गाळला. मग डबीतून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि वरून चहाचा मोठा घोट घेतला.

"हे काय?"

"गोळी. कधी पाहिली नाही काय?"

"चहासोबत?"

"दोन वर्षांपासून चहासोबतच घेऊन राहिली ना मी."

पौर्णिमानं फ्रिजवरची डॉक्टरांची चिठ्ठी ओढली. "इथं लिहिलं हाय, सकाळी उपाशी पोटी."

"मंग? उपाशीच तं हावो मी. अजून पोटात दाना गेला नाही."

"चहा गेला ना!"

"अवं, चहानं कुठं उपास मोडते?"

पौर्णिमानं चिठ्ठी पुन्हा वाचली. खरंच की! चतुर्थी असो, एकादशी असो, चहानं या घरात कुणाचा उपास कधी मोडला नव्हता. ती तशीच उठली आणि शेजारी लीलाकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, उपासाले काय काय चालते?"

विषय आवडीचा निघाल्यामुळे काकूंनी हातातला झाडू बाजूला ठेवला. "चहा चालते, दूध चालते. केळं, शाबुदाना, भगर, शेंगदान्याची आमटी, आलूचा चिवडा, रताळ्याचा शिरा..."

"मंग उपाशी कोन राहते?"

"उपाशी राहाले काय झालं व आमाले? उपास करतो आमी!"

पौर्णिमा खदखदून हसली आणि हसता हसताच थबकली. डॉक्टरीणबाईंचं 'उपाशी' एक होतं आणि आईचं दुसरंच. दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत होत्या, एकच शब्द वापरत होत्या, आणि तो शब्द दोघींच्या मधूनच पसार होत होता.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून भुवया उंचावल्या. "ताई, गोळी उपाशी पोटी घेता ना?"

"हो मॅडम. एक दिवस चुकवली नाही."

गोळी वाढवायला डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर टेकलं. पौर्णिमा उभी राहिली. गीतांजलीनं तिची ओढणी खाली ओढली. "बस ना व!"

"मॅडम, तुमचं उपाशी म्हणजे किती उपाशी?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यात चहा चालतो का?"

पेन थांबलं. "चहा? दुधाचा?"

"म्हशीच्या दुधाचा," गीतांजली अभिमानानं म्हणाली. "पानी घालतच नाही मी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "चूक माझीही आहे. दर वेळी उपाशी का, एवढंच विचारत राहिले. कशासोबत, ते विचारायचं सुचलंच नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. गोळी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढचा पाऊण-एक तास चहासुद्धा नाही, कारण दुधाच्या चहासोबत ती अंगात नीट मुरत नाही. ताकद आत्ता वाढवायची नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू.

आता आई उठेल असं पौर्णिमाला वाटलं होतं. ती उठली नाही. दोन वर्षांत या खोलीत तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता.

"मंग मॅडम, पत्ताकोबी?"

"शिजवून खा."

"फुलकोबी?"

"खा."

"सोयाबीनच्या वड्या?"

"खा. फक्त गोळीच्या लगोलग नको."

"शेंगदाने?"

"मूठभर खा की."

"भात?"

"भातानं काय बिघडवलं तुमचं?"

गीतांजली जरा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "गोळा-भात?"

"तो कोणी बंद केला?"

"कोनी नाही. गोळा-भात केला की मले दोन घास जास्तच लागतात. म्हणून मीच."

पौर्णिमानं आईकडे पाहिलं. हे तिच्या चौकशीत कुठंच आलं नव्हतं.

"लागतात तर घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट मारून हा आकडा खाली येत नाही, ताई. चक्कर तेवढी येते."

पुढं दोन महिन्यांनी आकडा उतरला. पुरता नाही, पण उतरला. गीतांजली मात्र तोवर थांबली नाही. त्याच सोमवारी संध्याकाळी बसमधून उतरल्यावर तिनं पाय धुतले, डाळीचा भरडा भिजवला, गोळे वळले आणि भातावर ठेवून वाफवले. हिंग-मोहरीच्या फोडणीचं तेल कढलं तशी गल्लीभर खबर गेली. ती ताट घेऊन पौर्णिमाच्या शेजारी बसली. गोळा कुस्करला, वर गरम तेल ओतलं, आणि बोलली नाही की थांबली नाही.

ताट पुसून झाल्यावर तिनं भाताच्या गंजात वाकून पाहिलं.

"तळाशी हाय थोडा. तू घेते का मी घेऊ?"

"तू घे," पौर्णिमा म्हणाली. आणि आईनं घेतला.